सातवी टेस्ट

सातवी टेस्ट एकटी चालवली की पडते.
पहिल्या सहांच्या मागून चालवली तर हिरवीगार.

"मग मागूनच चालवू की," लघाटे म्हणाला.
तेवीस वर्षांचा, जुन्या पलासियाचा मुलगा,
ज्याला अजून झोप आली की लगेच लागते.
मी म्हटलं, खुर्ची ओढ. वर जा. अजून वर.
फाईलच्या अगदी माथ्यावर, तीन वर्षांपूर्वी कुणीतरी
एक खातेदार बसवून ठेवली होती, स्टॅटिक.
नाव विमलाबाई चौकसे, शिल्लक पाचशे.
एकदाच बनवायची, सगळ्यांनी वापरायची. काटकसर.

मग पहिली टेस्ट विमलाबाईंच्या खात्यात दोनशे भरते,
तिसरी त्यांचा पत्ता बदलते,
पाचवी खातं गोठवते आणि सोडवायचं विसरते,
आणि सातवी येते
गोठलेल्या खात्यातून पैसे निघत नाहीत ना, ते बघायला.
टिचकी मारते. नाही निघत. हिरवी होते, घरी जाते.
खातं स्वतः गोठवायची ओळ
तिच्यात कुणी लिहिलीच नव्हती.

आज नव्या आवृत्तीनं क्रम फिरवला.
क्रमाचं वचन कुणीच दिलेलं नसतं,
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं,
घरात फ्यूज असतो हे ठाऊक असतं तसं.
अकरा लाल.

साडेअकराला डोकं चालेना,
म्हणून त्याच्या स्कूटरवरून सराफ्यात गेलो.
जानेवारी. तोंडातून वाफ.
एका सराफाच्या पायरीपाशी उभे राहिलो,
शटर खाली, पायरीवर शेगडी, कढई, मसाल्याचे डबे;
दिवसा जिथे पाटल्या तोलतात तिथे गराडू तळत होते.
सकाळी काय करता, मी विचारलं.
"धो के जाते हैं. ओटला अपना थोड़ी है, भिया."
मला भिया म्हणाला. मी ऐकून घेतलं.

तेलाचा एक थेंब राहिला तर शेठ बोलतो.
आणि शेठही संध्याकाळी तराजूखालची धूळ
स्वतः झाडतो, डब्यात भरून आत नेतो,
झारेकऱ्यासाठी; त्यात कणी असते.
दोघंही एकमेकांसाठी
मागे काहीच ठेवत नाहीत.
एकवीस वर्षं एकच पायरी,
भांडण एकदाच, तेही पाण्याच्या बादलीवरून.

"म्हणजे सेटअप आणि टिअरडाउन," लघाटे तोंड भाजत म्हणाला.
हो रे बाबा. खा.

मला मात्र गणिताची पुस्तकं आठवत होती.
माझ्याआधी ती मंजिरीताईची असायची.
प्रत्येक उदाहरणाशेजारी तिच्या पेन्सिलीचं उत्तर,
खोडलेलं,
पण पान उजेडात तिरकं धरलं की दिसणारं.
आठवी, नववी, मी पहिल्या पाचांत.
दहावीला अभ्यासक्रम बदलला.
पुस्तक कोरं, करकरीत, गोंदाच्या वासाचं,
आणि मी पहिल्याच प्रमेयापुढे
दिवाळी उलटेपर्यंत बसून राहिले.
बाबा म्हणायचे, अचानक काय झालं हिला?
अचानक काही झालं नव्हतं.

दीडला परत आलो. विजयनगरच्या चौकात
रिकामा सिग्नल आपला रंग बदलत होता.
विमलाबाईंना माथ्यावरून उतरवलं.
प्रत्येक टेस्टला तिची तिची बाई दिली,
नवी, पाचशेची, शेजारणीला न ओळखणारी.
लघाटे नावं सुचवत गेला, आधी कंटाळून, मग रंगून:
सुशीला गंगराडे, रझिया मन्सूरी,
केसरबाई, "आमच्या शाळेतल्या पुराणिक बाई चालतील?"
चालतील.
सातवीत मी ती न लिहिलेली ओळ लिहिली.
आधी गोठव.
मग तिला एकटीला चालवलं,
आणि दोघंही काही न बोलता
पडद्याकडे बघत बसलो.

सकाळी मोघेसाहेबांनी विचारलं,
हे चार मिनिटं जास्त का लागतंय आता?

धुवायला लागतात, मी म्हटलं.

ते बघतच राहिले माझ्याकडे.
लघाटे टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.